उरलेल्या कामाचा हिशेब
संगणक प्रणालींच्या उभारणीतील एका साध्या आलेखाविषयी



शासनाचे कार्यालय असो, सहकारी साखर कारखाना असो अथवा बँक असो, आज संगणक प्रणालीवाचून तेथील कामकाज पुढे सरकत नाही. शेतकऱ्याच्या हाती पडणारा सातबाराचा उतारा, घरी येणारे विजेचे देयक, रेल्वेच्या आसनाचे आरक्षण, या साऱ्यांच्या पाठीशी कोणीतरी परिश्रमपूर्वक लिहिलेली आज्ञावली उभी असते. अशा आज्ञावली लिहिणारे सहस्रावधी तरुण-तरुणी पुण्याच्या हिंजवडीत, मुंबई-ठाण्याच्या परिसरात आणि परदेशांतही काम करीत आहेत. अनेक मराठी कुटुंबांचा चरितार्थ आज या व्यवसायावर चालतो. परंतु त्या व्यवसायात काम नेमके कसे चालते, ते किती झाले व किती राहिले हे कसे कळते, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना क्वचितच असते.

धरणाची भिंत किती उंच झाली हे काठावर उभ्या असलेल्या कोणाही माणसाला दिसते. रस्ता कोणत्या गावापर्यंत आला, पुलाचे किती खांब उभे राहिले, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. आज्ञावलीचे तसे नाही. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. दहा अभियंते सहा महिने राबले तरी त्यांच्या टेबलावर दाखविण्याजोगे काही असेलच असे नाही. त्यामुळे "काम कुठवर आले?" या साध्या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळविणे ही या व्यवसायातील फार जुनी अडचण आहे. त्या अडचणीवर गेल्या पाव शतकात जो एक साधा तोडगा रूढ झाला, तो आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

झालेले काम आणि उरलेले काम

प्रगतीचा अहवाल मागितला की सर्वसाधारणपणे झालेल्या कामाचा अहवाल मिळतो. इतके तास खर्ची पडले, इतका निधी वापरला गेला, इतक्या बैठका झाल्या, असा तपशील त्यात असतो. हा तपशील खोटा नसतो. परंतु त्यावरून काम केव्हा संपेल हे सांगता येत नाही. ऊस गाळपाच्या हंगामाचे उदाहरण घेतल्यास हे चटकन ध्यानात येते. हंगामाच्या अखेरीस कारखान्याने किती टन ऊस गाळला हा आकडा अभिमानाचा असेल, पण ज्याचा ऊस अजून शेतात उभा आहे त्याला दुसराच आकडा हवा असतो. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात हेच घडले. गाळप विक्रमी झाले, तरीही शेतात उभ्या राहिलेल्या उसाचा प्रश्न मे महिन्यात ऐरणीवर आला. शिल्लक किती, हाच त्या वेळी खरा प्रश्न होता.

संगणकाच्या क्षेत्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथे "नव्वद टक्के काम झाले" असे सांगितले जाते आणि ते महिनोन्महिने नव्वद टक्क्यांवरच राहते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे टॉम कारगिल यांच्या नावे या अनुभवाचा एक विनोदी नियम प्रसिद्ध आहे. पहिले नव्वद टक्के काम ठरलेल्या वेळेचा नव्वद टक्के भाग घेते आणि राहिलेले दहा टक्के काम पुन्हा तेवढाच वेळ घेते, असा त्याचा आशय. जॉन बेंटली यांनी १९८५ साली आपल्या स्तंभातून तो सर्वांपर्यंत पोहोचविला. विनोद म्हणून सांगितलेला हा नियम या व्यवसायातील लोकांना इतका पटला, की तो आजही सांगितला जातो.

त्याही आधी, १९७५ साली, फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीच्या उभारणीतील अनुभवांवर 'द मिथिकल मॅन-मन्थ' हा ग्रंथ लिहिला. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे नेमली असता ते काम आणखी लांबते, हा त्यांचा निष्कर्ष सर्वत्र प्रसिद्ध आहे. नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि जितकी माणसे अधिक तितका परस्परांशी बोलण्याचा व्याप अधिक. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. मोठा विलंब एखाद्या मोठ्या आपत्तीने क्वचितच होतो. तो दिवसादिवसाने, कोणाच्या फारसे लक्षात न येता साचत जातो. म्हणून कामाचे टप्पे असे नेमके ठरवावेत की ते झाले की नाही याविषयी दुमत होऊ नये.

आवर्तनांची पद्धत

पूर्वी मोठ्या प्रणालींची उभारणी बहुधा एकापुढे एक अशा पायऱ्यांनी होत असे. आधी सर्व गरजा लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग आज्ञावलीचे लेखन, मग चाचणी आणि सर्वांत शेवटी वापर. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधातील आकृतीवरून या पद्धतीला पुढे 'धबधबा' असे नाव पडले. वास्तविक केवळ याच क्रमाने गेल्यास धोका आहे असे रॉइस यांनी त्याच निबंधात म्हटले होते. परंतु आकृती लोकांच्या लक्षात राहिली आणि इशारा मागे पडला. या पद्धतीत चाचणी अखेरीस येते. त्यामुळे चूक उघडकीस येते तेव्हा पैसा व वेळ दोन्ही संपत आलेले असतात.

यास पर्याय म्हणून लहान लहान आवर्तनांनी काम करण्याची रीत हळूहळू पुढे आली. तिची मुळे जुनी आहेत. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ प्रकल्पात १९६० च्या दशकाच्या आरंभी अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या आवर्तनांनी आज्ञावली लिहिल्या गेल्याची नोंद आहे. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन आदी कंपन्यांतील नवनिर्मितीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि एकत्र पुढे सरकणाऱ्या लहान गटाला रग्बी खेळातील चमूची उपमा दिली. त्याच खेळातील 'स्क्रम' हा शब्द उचलून जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ साली एका परिषदेत आपली कार्यपद्धती मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'अजाइल' या नावाने ओळखला जाणारा जाहीरनामा तयार केला. आज जगभर ही पद्धत प्रचलित आहे.

तिचे स्वरूप थोडक्यात असे. ज्या ज्या सोयी प्रणालीत हव्यात त्यांची एक यादी केली जाते आणि महत्त्वाप्रमाणे तिचा क्रम लावला जातो. हा क्रम लावण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असते. काम दोन ते चार आठवड्यांच्या आवर्तनांत विभागतात. अशा एका आवर्तनास 'स्प्रिंट' म्हणतात. प्रत्येक स्प्रिंटच्या आरंभी यादीच्या शिरोभागातून झेपेल तेवढे काम गट उचलतो. रोज पंधरा मिनिटांची बैठक होते. अखेरीस जे तयार झाले ते प्रत्यक्ष चालवून दाखवितात. चालवून दाखविता येत नाही ते झाले असे धरीत नाहीत.

आलेख कसा काढतात

या आवर्तनात उरलेले काम दाखविण्यासाठी जो आलेख वापरतात त्यास 'बर्नडाउन चार्ट' असे नाव आहे. मेणबत्ती जळत जाऊन जशी कमी कमी होते, तसे काम कमी होत जाते अशी कल्पना. मराठीत त्यास उतरता आलेख म्हणता येईल. २००० सालाच्या सुमारास केन श्वेबर यांनी तो प्रचारात आणला आणि लवकरच तो स्क्रम पद्धतीची जणू खूण बनला.

आलेखाची रचना शाळेतील विद्यार्थ्यासही समजेल अशी आहे. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर उरलेले काम. पहिल्या दिवशी सर्व काम उरलेले असते, म्हणून रेषा वरच्या टोकापासून सुरू होते. अखेरच्या दिवशी काही उरू नये, म्हणून ती शून्यावर यावी अशी अपेक्षा. ही दोन टोके सरळ रेषेने जोडली की अपेक्षित उताराची रेषा मिळते. दररोज सायंकाळी गटातील प्रत्येकजण आपल्याकडील कामास अजून किती तास लागतील याचा नव्याने अंदाज देतो. त्यांची बेरीज आलेखावर मांडतात.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. आज किती तास काम केले हे येथे विचारले जात नाही. अजून किती तास लागतील, एवढेच विचारले जाते. या दोहोंत महदंतर आहे. एखादे काम आठ तासांचे वाटले होते, त्यावर सहा तास खर्ची पडले आणि मग ध्यानात आले की अजून दहा तास लागणार आहेत, तर उरलेल्या कामाचा आकडा दहा हाच होय. आठातून सहा वजा करून दोन लिहिणे हे हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक, पण वस्तुस्थितीच्या दृष्टीने चूक ठरेल.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पाचजणांचा गट आहे आणि दहा कामकाजाच्या दिवसांची स्प्रिंट आहे. गटाने २०० तासांचे काम अंगावर घेतले. म्हणजे रोज २० तासांचे काम उतरले पाहिजे. पहिल्या दिवसाअखेर १८२ तास उरले, दुसऱ्या दिवशी १६५. तिसऱ्या दिवशी १५ तासांचे काम पार पडले, पण जुन्या माहितीचे रूपांतर करण्याचे १८ तासांचे एक काम मुळीच मोजले नव्हते असे आढळले. आकडा १६५ वरून १६८ वर गेला. रेषा खाली येण्याऐवजी वर चढली. चौथ्या दिवशी १५२ आणि पाचव्या दिवशी १३५ तास उरले.

अर्धा अवधी संपला. अपेक्षित रेषा १०० वर आहे आणि प्रत्यक्ष रेषा १३५ वर. पाच दिवसांत गटाने ८३ तासांचे काम उतरविले. पुढील पाच दिवसांत तितकेच उतरले आणि नवे काही निघाले नाही असे धरले, तरी ५२ तासांचे काम उरणार हे उघड आहे. ही गोष्ट पाचव्या दिवशी कळली, दहाव्या नव्हे, यातच या आलेखाचे सारे मोल आहे. पाच दिवस हाती असताना यादीतील कमी निकडीची बाब पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलता येते, अडलेल्याच्या मदतीस दुसऱ्यास देता येते, ज्यांच्यासाठी प्रणाली तयार होत आहे त्यांना वेळीच कळविता येते. दहाव्या दिवशी केवळ खुलासा देता येतो.

रेषा काय सांगते

अनुभवी माणूस या रेषेच्या वळणावरून बरेच काही ओळखतो. रेषा अनेक दिवस आडवी राहिली तर दोन शक्यता असतात. एक तर काम खरोखर अडले आहे, परवानगी मिळालेली नाही, यंत्र उपलब्ध नाही, दुसऱ्या गटाकडून काही यावयाचे आहे. किंवा सर्वांनी सर्व कामे एकदम हाती घेतली आहेत आणि कोणतेच पुरे होत नाही. पेरणीच्या दिवसांत चार शेतांत एकाच वेळी तिफण घालून कोणतेच शेत पुरे न करण्यासारखाच हा प्रकार.

रेषा अखेरच्या दिवशी कड्यावरून कोसळल्याप्रमाणे एकदम शून्यावर आली तर ती संशयास्पद समजावी. बहुधा आकडे रोज भरले गेले नाहीत, किंवा काम पूर्ण झाले असे मुदतीमुळे म्हटले गेले. रेषा फार लवकर शून्यावर आली तर गटाने कमी काम उचलले होते. आणि रेषा आखून काढल्यासारखी अगदी सरळ असेल, तर आकडे कामावरून भरले की अपेक्षित रेषेवरून, हे तपासून पाहावे. खऱ्या कामाची रेषा थोडीफार वेडीवाकडीच असते.

अनेक स्प्रिंट मिळून होणाऱ्या मोठ्या प्रकल्पासाठीही हीच कल्पना वापरतात. तेथे आडव्या अक्षावर दिवसांऐवजी स्प्रिंट असतात. तासांऐवजी प्रत्येक कामास त्याच्या आकारमानाप्रमाणे गुण दिलेले असतात. एका स्प्रिंटमध्ये गट किती गुणांचे काम पुरे करतो त्यास त्याची गती म्हणतात. उरलेल्या गुणांस गतीने भागले की किती स्प्रिंट लागतील याचा अंदाज येतो. ६०० गुणांचे काम उरले असेल आणि गटाची गती ४० असेल तर १५ स्प्रिंट लागतील. दोन आठवड्यांची एक स्प्रिंट धरल्यास तीस आठवडे. हा आकडा कोणास आवडो वा न आवडो, तो गटाच्या प्रत्यक्ष कामावरून निघालेला असतो.

एका तपास यंत्रणेचे दफ्तर

या हिशेबाअभावी केवढी किंमत मोजावी लागते आणि तो ठेवल्याने काय साधते, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे, म्हणजे एफबीआयचे आहे. त्या देशाच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी त्यावर वेळोवेळी अहवाल प्रसिद्ध केल्यामुळे त्याची हकीकत सर्वांसमोर आहे.

सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर या यंत्रणेच्या कामकाजाची कठोर छाननी झाली. तपासाची कागदपत्रे अद्याप मुख्यतः कागदी होती आणि १९९५ पासून वापरात असलेली संगणक प्रणाली जुनाट व गैरसोयीची होती. एका कार्यालयाजवळ असलेली माहिती दुसऱ्यास वेळेवर मिळणे अवघड होते. यासाठी हाती घेतलेली 'व्हर्च्युअल केस फाइल' ही प्रणाली १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली सोडून द्यावी लागली. २००६ च्या मार्चमध्ये 'सेंटिनेल' या नावाने नवा प्रकल्प सुरू झाला. एका मोठ्या कंपनीला कंत्राट देण्यात आले. अंदाजे खर्च ४२ कोटी ५० लाख डॉलर, टप्पे चार आणि पूर्ततेची मुदत डिसेंबर २००९.

मुदत उलटली. खर्चाची मर्यादा ४५ कोटी १० लाख डॉलरपर्यंत वाढली. ऑगस्ट २०१० पर्यंत त्यांपैकी सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलर खर्ची पडले होते आणि चारपैकी दोनच टप्पे वापरणाऱ्यांच्या हाती आले होते. खर्चाच्या हिशेबाने पाहिले तर काम जवळजवळ नव्वद टक्के झाले होते. उरलेल्या कामाच्या हिशेबाने पाहिले तर निम्मे टप्पे शिल्लक होते. मायटर या संस्थेने स्वतंत्रपणे अंदाज केला, तेव्हा आहे त्याच रीतीने पुढे गेल्यास आणखी किमान ३५ कोटी १० लाख डॉलर आणि सहा वर्षे लागतील असे निष्पन्न झाले.

२०१० च्या जुलैमध्ये राहिलेल्या टप्प्यांचे काम थांबविण्यात आले आणि त्यानंतर यंत्रणेने ते आपल्या थेट देखरेखीखाली घेतले. कंत्राटदारांकडील माणसांची संख्या सुमारे २२० वरून सुमारे ४० वर आणली. स्क्रम पद्धती स्वीकारली. दोन दोन आठवड्यांच्या स्प्रिंट ठरल्या. राहिलेल्या गरजा लहान लहान बाबींत लिहून काढून प्रत्येकीस आकारमानाप्रमाणे गुण देण्यात आले. प्रत्येक स्प्रिंटअखेर तयार झालेला भाग चालवून दाखविला जाऊ लागला. आता उरलेले काम मोजता येऊ लागले.

यापुढील भाग तितकाच महत्त्वाचा आहे. सर्व काम सप्टेंबर २०११ पर्यंत संपेल असे यंत्रणेने प्रथम जाहीर केले होते. तसे झाले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी प्रणाली वापरून पाहिली, तेव्हा ती दोनदा बंद पडली. जुनी यंत्रसामग्री तो भार पेलण्यास अपुरी असल्याचे कारण यंत्रणेने दिले. नवी सामग्री घ्यावी लागली, मुदत पुन्हा पुढे गेली आणि १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल प्रणाली सर्वांच्या वापरासाठी खुली झाली. २०१४ सालच्या पाहणीत बहुसंख्य वापरकर्त्यांनी दैनंदिन कामास तिचा उपयोग होतो असे सांगितले. शोध घेण्याच्या सोयीबद्दल मात्र तक्रारी होत्याच.

सहा वर्षे लागतील असा अंदाज असलेले काम दोन वर्षांच्या आत झाले, ही गोष्ट लहान नव्हे. त्याचबरोबर हेही खरे, की नव्या पद्धतीनेही दिलेला पहिला शब्द पाळला गेला नाही. यादीत आज्ञावलीची कामे होती. यंत्रसामग्रीची क्षमता तितक्या लवकर तपासली गेली नव्हती. जे यादीत नसते ते आलेखातही नसते, हा धडा या प्रकल्पाने दिला.

मर्यादा आणि दुरुपयोग

यावरून आलेखाच्या मर्यादांचा विचार ओघानेच येतो. पहिली मर्यादा म्हणजे एकच रेषा दोन गोष्टी एकत्र करते. रेषा खाली आली नाही याचे कारण काम मंद झाले हे असेल, अथवा काम वाढले हे असेल. रेषा पाहून ते वेगळे करता येत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी 'बर्नअप' नावाचा चढता आलेख काढतात. त्यात एक रेषा एकूण कामाची आणि दुसरी पूर्ण झालेल्या कामाची असते. दोहोंमधील अंतर म्हणजे उरलेले काम. मागणी करणाऱ्याने मध्येच नवी सोय मागितली की एकूण कामाची रेषा वर उचलली जाते आणि विलंबाचे कारण सर्वांस दिसते.

दुसरी मर्यादा 'पूर्ण' या शब्दाची. कोणी आज्ञावली लिहून झाली की पूर्ण म्हणतो, कोणी चाचणी झाली की, तर कोणी वापरणाऱ्याच्या हाती पडली की. म्हणून पूर्ण कशास म्हणावयाचे याची व्याख्या गटाने आरंभीच लिहून ठेवावी असा दंडक आहे. ती व्याख्या सैल असली की रेषा सुरेख उतरते आणि प्रणाली मात्र चालत नाही.

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे दाखवून दिले, की एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी उपयोग सुरू झाला की त्या मापाचा भरवसा उरत नाही. हाच नियम येथेही लागू पडतो. वरिष्ठांनी आलेख पाहून माणसांना दोष देण्यास आरंभ केला की माणसे आकडे सांभाळू लागतात. अंदाज फुगवून दिले जातात, गुण वाढवून लावले जातात, सापडलेले नवे काम नोंदविले जात नाही. आलेख मग डौलदार दिसू लागतो आणि त्याचा उपयोग संपतो. हा आलेख मूलतः काम करणाऱ्या गटाने स्वतःसाठी ठेवावयाचा आहे. ज्या कार्यालयात वाईट बातमी सांगणाऱ्यास शिक्षा होते, तेथे कोणताही आलेख खरा राहू शकत नाही.

स्क्रम पद्धतीच्या प्रवर्तकांनाही याची जाणीव झालेली दिसते. त्यांच्या मार्गदर्शिकेत आरंभी या आलेखास मानाचे स्थान होते. २०११ च्या सुधारणेत तो सक्तीचा राहिला नाही. २०२० च्या आवृत्तीत उतरते आणि चढते आलेख उपयुक्त साधने म्हणून उल्लेखिले आहेत, पण प्रत्यक्ष अनुभवाची जागा ती घेऊ शकत नाहीत असेही स्पष्ट केले आहे. उरलेले काम दिसत राहावे हे तत्त्व कायम राहिले, ते कोणत्या चित्राने दाखवावे याचे स्वातंत्र्य गटास मिळाले.

कार्यालयातील गोषवारा

ही सारी चर्चा परक्या क्षेत्राची वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांतून लिपिकाने आपल्या कार्यविवरणाचा गोषवारा काढण्याची पद्धत फार जुनी आहे. मागील शिल्लक, नव्याने आलेली प्रकरणे, एकूण, निकाली काढलेली आणि अखेरची शिल्लक, असे त्याचे रकाने असतात. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन कामकाजात ज्या सुधारणा केल्या, त्या 'लखिना पॅटर्न' म्हणून प्रसिद्ध आहेत. कागदपत्रांचे सहा गठ्ठ्यांत वर्गीकरण करण्याची रीत याच सुधारणांशी निगडित आहे. प्रलंबित प्रकरणे एका गठ्ठ्यात आणि ज्यांवर इतरांकडून उत्तर यावयाचे ती दुसऱ्यात, असे वेगळे ठेवले की काय उरले आहे आणि ते कोणामुळे उरले आहे हे टेबलाजवळ येताच दिसते.

गोषवाऱ्यातील अखेरच्या रकान्याचे आकडे आठवड्यामागून आठवडे एका कागदावर मांडले, तर जे चित्र तयार होईल ते संगणक अभियंत्यांच्या उतरत्या आलेखाहून फारसे वेगळे नसेल. नव्याने आलेल्या आणि निकाली निघालेल्या प्रकरणांच्या दोन रेषा काढल्या तर शिल्लक का वाढते तेही कळेल. फरक एवढाच की कार्यालयात प्रकरणे येतच राहतात, तेथे रेषा शून्यावर येऊन थांबत नाही. परंतु ती वर चढते आहे की उतरते आहे, हे पाहता येते.

गोषवारा महिन्याच्या अखेरीस घाईने भरला जातो तेथे तोही अखेरच्या दिवशी कोसळणाऱ्या रेषेसारखाच निरुपयोगी ठरतो. 'निकाली' या शब्दाचा अर्थ पत्र दुसऱ्या शाखेकडे धाडले एवढाच घेतला, तर अर्जदाराच्या दृष्टीने प्रकरण शिल्लकच असते. प्रणाली कोणी संगणकावर बांधो अथवा काम कोणी फाइलींवर करो, पूर्ण या शब्दाचा अर्थ ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याच्याकडून ठरला पाहिजे.

शासनाच्या विविध खात्यांसाठी आज संगणक प्रणाली तयार करून घेतल्या जातात. त्या तयार करणारी माणसे तंत्रज्ञ असली, तरी त्यांच्याकडे काम सोपविणारे अधिकारी बहुधा तंत्रज्ञ नसतात. अशा अधिकाऱ्यांना आज्ञावलीतील ओळ वाचता आली नाही तरी चालेल. दर पंधरवड्यास त्यांनी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. आजपर्यंत तयार झाले ते चालवून दाखवाल काय? अजून नेमके किती काम उरले आहे? आणि गेल्या पंधरवड्यात यादीत नव्याने काय आले? या तीन प्रश्नांची उत्तरे खरी मिळावीत असे वाटत असेल, तर आकडा वाईट निघाला तरी तो आणणाऱ्यावर राग न काढण्याची शिस्त विचारणाऱ्याने पाळली पाहिजे. ही शिस्त जेथे पाळली जाते, तेथे उरलेल्या कामाचा हिशेब लपत नाही आणि जनतेचा पैसा मुदत संपण्यापूर्वीच वाचविता येतो.